सुमनआत्या आणि फुकटचं गोडं पाणी

आत्या गेल्याचा फोन ढवळ्यांनी केला. मी पनवेलला, सकाळच्या घाईत, हात कणकेत बुडालेले. "सुमनताई गेल्या," ते म्हणाले. "पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या... बसल्या जागीच." आणि खरं सांगते, मला रडू फुटायच्या आधी प्रश्न पडला, की हा माणूस इतक्या सकाळी आत्याच्या पडवीत करत काय होता? नागावात आमची माणसं काय कमी आहेत? मग पहिला फोन कुंपणापलीकडच्या, अलीकडेच येऊन राहिलेल्या ढवळ्यांनी का करावा? रडू नंतर आलं, एस.टी.त बसल्यावर. पण आधी संशय आला, आणि तो संशय मला कुठून मिळाला हे सांगायचं तर आत्याबद्दलच सांगावं लागेल.

सुमनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नागावला दिलेली, माडा-पोफळींच्या वाडीत. मूलबाळ नाही, आणि यजमान, म्हणजे आमचे अण्णा, बरेच आधी गेले. मागे राहिली ती वाडी, वाडीतली विहीर आणि पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या. हे सगळं ती एकटी बघायची. उंचीने लहान, आवाजाने मोठी, आणि जगात कुणीही कुणाला उगाच काही देत नाही यावर तिची जी श्रद्धा होती ती देवावरसुद्धा नव्हती. चहाच्या पुड्याबरोबर वाटी फुकट मिळाली तर ती आधी पुडा हातात घेऊन बघायची, "चा कमी घातलाय काय बघ." निवडणुकीत घरोघर वाटलेली छत्री तिने कधी उघडली नाही. भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन बाजारात गेली, छत्री खुंटीला तशीच. एकदा तिच्याकडे उतरलेल्या बाईंनी निघताना प्रेमाने अंगावरची शाल तिला दिली, तर आत्याने त्यांच्या गाडीत इतके नारळ भरले की बाईंच्या नवऱ्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. "गळाला लावलेली कोलंबी पन फुकटच असते," ती म्हणायची, "माशाला इचार."

याला कारण होतं. आत्याच्या सासऱ्यांची एक वाडी अगदी समुद्राकडेला होती. सुरूच्या बनाला लागून, गावात सर्वांत देखणी. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा मुंबईहून सुट्टीला येणारा एक सज्जन माणूस मदतीला धावला. येताना पेढे आणायचा, म्हाताऱ्याच्या पाया पडायचा, "बाबा" म्हणायचा. त्यानेच त्यांना मुंबईला नेलं, ऑपरेशन केलं, जावयाने करावं तसं सगळं केलं. आणि डोळ्यांवर हिरवी पट्टी असताना दवाखान्याचे म्हणून काही कागद पुढे केले, त्यांवर म्हाताऱ्याने अंगठा दिला. पट्टी निघाली, दिसायला लागलं, आणि म्हातारा हौसेने काठी टेकत वाडी बघायला गेला, तर तिथे दुसऱ्याचं कुंपण. आता तिथे रंगीत छत्र्या आहेत, पाण्यावर उडवायच्या मोटारी आहेत. त्या बाजूला आत्या कधी फिरकली नाही. समुद्र बघायचा तर ती उलट दिशेने, चौलच्या बाजूने जायची. आमच्या किनाऱ्यावर अशी एक तरी गोष्ट नाही असं घर सापडणं कठीण. इथे कुणी उगाच गोड बोलायला लागला की माणसं आधी सातबारा कुठे ठेवलाय ते आठवतात.

आत्याचा दुसरा नेम डब्यांचा. शेजारून कुणी काही पाठवलं की तो डबा, ती वाटी, रिकामी परत जायची नाही. त्यात जगावेगळं काही नाही, सगळ्याच घरांत ही रीत असते. कुणी साखर घालतं, कुणी गूळ. पण आत्याच्या हाती ती रीत राहिली नाही, कायदा झाला. आलेल्यापेक्षा जास्तच गेलं पाहिजे. वाटीभर खीर आली तर वाटीभर वाल आणि वर लिंबं. कुणाच्या उपकाराची बाजू जड राहता कामा नये. मात्र एकच घर याला अपवाद होतं, ते आमचं. माझी आई दर खेपेला माझ्यासोबत आत्यासाठी काहीतरी पाठवायची, चकल्या, लोणचं, पुरणपोळ्या... आणि डबा परत यायचा तो धुऊन, पुसून, लख्ख आणि रिकामा. आईला हे फार लागायचं. "गावाला वाटतात, आणि भावाच्या घरी चिमूटभर साखर नाही घालवत वन्संना!" मी एकदा आत्याला धीर करून विचारलं. ती नारळ सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "परक्याचा डबा रिकामा धाडायचा न्हाय. त्याचं देनं ऱ्हातं. नि आपल्याचा भरून धाडायचा न्हाय. धाडला का तो परका व्हतो." मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "चांगलं सोयीचं शास्त्र आहे!" आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

तर अशा बाईच्या मागच्या जमिनीत ढवळे आले. मुलुंडला आयुष्य काढलेले, निवृत्त, बायको गेलेली. एकटा माणूस, एक स्कूटर, ढीगभर कुंड्या. देवळामागून एक दगडी पाखाडी जाते, जेमतेम स्कूटर जाईल एवढी. तिथून त्यांचं येणं-जाणं. आल्या आल्या गावाने त्यांच्याबद्दल चार-पाच मतं बनवली. रिसॉर्ट काढणार. नाही, कुणा पुढाऱ्याने यांच्या नावावर घेतलंय. नाही, पोहायचा तलाव बांधणार. ढवळ्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जमिनीतली बुजलेली जुनी विहीर उपसून घेतली, आणि तिला पाणी लागलं ते असं गोडं, की गावातली म्हातारी माणसं ओंजळभर पिऊन गप्पच झाली. कारण आमच्याकडे तेव्हा उलटं चाललं होतं. किनाऱ्याला जो तो बोअर मारत सुटला होता आणि आत्याची विहीर उन्हाळ्यागणिक मचूळ होत चालली होती. माड थोडं खारं सोसतो, पोफळ सोसत नाही. होळी झाली की पोफळींचे शेंडे पिवळे पडायचे, आणि मग एकेक झाड मुकाट्याने वाळून जायचं. अण्णांनी लावलेली पोफळ होती ती. आत्या रोज त्या रांगेत फिरायची, एकेका झाडाला हात लावायची, आणि घरी येऊन माझ्याशी फोनवर भलत्याच विषयावर बोलायची. मला कळायचं.

एका सकाळी तिला कुंपणातून आत आलेली एक नळी दिसली. ढवळ्यांनी आपल्या पंपाला जोडून तिचं तोंड बरोबर पोफळीच्या पाटात सोडलं होतं, आणि पाणी वाहत होतं. न विचारता, न सांगता. आत्याने ती नळी उचलली, वेटोळं केलं आणि कुंपणावरून त्यांच्या कुंड्यांत भिरकावली. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा हजर. पुन्हा कुंड्यांत. त्यात ढवळे वर डबे पाठवायचे, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, आणि सोबत निरोप, "डबा सावकाश द्या, घाई नाही." आत्याला यात हमखास काळंबेरं दिसायचं. "डब्याची घाई न्हाय म्हनतो. मंग कशाची हाय?" डबा ती त्याच दिवशी भरून परत करायची. मी तिच्याच बाजूची. मी तर म्हणाले, आत्या, सावध राहा, कुठेतरी पाणी मुरतंय. पाण्याच्या बाबतीत हे बोलून गेले हे माझं मलाच नंतर लक्षात आलं, पण आत्याने फोनवर गंभीरपणे "व्हय" म्हटलं.

त्या उन्हाळ्यात पोफळीची एक अख्खी रांग गेली, आणि आत्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पुढचं मला तिनेच फोनवर सांगितलं, विजयी आवाजात. तिने विचारलं, "ढवळे, तुमाला नक्की पायजे काय?" ते म्हणाले, काही नको, सुमनताई, पाणी जास्तीचं आहे, झाडं वाळताहेत, म्हणून सोडलं. यावर आत्या म्हणाली, "काय नको म्हननारा मानूस मला परवडत न्हाय. काय तरी मागा, न्हायतर नळी घेऊन जावा." ढवळ्यांनी म्हणे इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग म्हणाले, "वाट हवी आहे. गाडी घ्यायची म्हणतोय. पाखाडीतून गाडी येणार नाही, तुमच्या वाडीतून रस्त्यापर्यंत वाट मिळाली तर..." "मंग ह्ये आधी बोलायला काय झालतं!" आत्या म्हणाली. आणि मला फोनवर म्हणाली, "बघ, बोललेवते ना मी? त्याला वाट पायजे." तिला राग आला नव्हता, उलट हायसं वाटलं होतं. गावालाही वाटलं. इतके दिवस ज्या माणसाचा थांग लागत नव्हता तो एकदाचा आपल्यासारखा निघाला. जो तो एकमेकाला सांगू लागला, "तरी म्हटलं!" मीही म्हटलं. माणसाचा स्वार्थ कळला की त्याच्याशी कसं वागायचं ते कळतं. कळत नाही तोवर त्याने दिलेलं पाणीही घशाखाली उतरत नाही.

आत्याने शब्द पाळला. वाळलेली रांग तोडली, खुंट काढले, जमीन सारखी केली, दोन्ही कडांना चुना लावलेले दगड मांडले आणि रस्त्याच्या बाजूला गाडी आत येईल एवढं रुंद बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, बसवलं. लेखी काही नाही. "त्याने मागितली, मी दिली, तो पानी देतो. त्यात लिवायचं काय?" मला ते पटलं नाही. तोंडी दिलेल्या वाटेवर उद्या वहिवाट सांगणारे मी पाहिले आहेत. पण पाणी सुरू झालं. रोज सकाळी ढवळे पंप लावायचे, पाटातून पाणी आळ्याआळ्यांत फिरायचं, आणि शेवटचं आळं भरलं की आत्या पडवीतून ओरडायची, "पुरे!" एवढंच. तो आवाज देवळापर्यंत ऐकू जायचा. पोफळी हिरव्या झाल्या. ढवळ्यांची गाडी मात्र येईना. आत्या विचारायची, "कदी घेताय गाडी?" "बुकिंग केलंय," ते सांगायचे. मग म्हणायचे, "रंग मनासारखा मिळत नाहीये."

गणपतीत मी नागावला होते. आत्याकडे दर्शनाला आलेल्या कुणीतरी गाडी अशी लावली की बाकीच्यांची वाट अडली. गाडीवाला पानावर बसलेला. त्याने तिथूनच किल्ली ढवळ्यांच्या हातात दिली, "काका, तेवढी मागे घेता का?" ढवळ्यांनी ती किल्ली जिवंत चिंबोरी धरावी तशी धरली. गाडीजवळ गेले, दार उघडलं, बंद केलं, भोवती एक फेरी मारली आणि परत येऊन किल्ली दुसऱ्याच कुणाच्या हाती दिली. मला हसू आलं. वाटलं, वय झालं, सवय सुटली असेल. आत्या ओट्यावर उभी राहून बघत होती. ती हसली नाही.

पुढच्या खेपेला गेले तर वाटेच्या ऐन मध्यावर माडाचं रोप. कडेला नाही, कोपऱ्यात नाही, बरोबर मध्ये. भोवती आळं केलेलं, वर सावलीला झावळ. "हे इथे काय, आत्या?" "हितंच बरं लागंल," ती म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली. दिलेली वाट तिने रोखली होती. आता ढवळे पाणी तोडणार, भांडण होणार, प्रकरण तहसीलदारापर्यंत जाणार. मी वाट बघत राहिले, आणि झालं काहीच नाही. पाणी रोजच्यासारखं येत राहिलं, आत्या रोजच्यासारखी "पुरे" म्हणत राहिली. त्यामुळे तर मी जास्तच धास्तावले. वाट अडवल्यावरही जो माणूस पाणी देतो त्याच्या मनात वाटेपेक्षा मोठं काहीतरी असणार. घर? सगळी वाडीच? एकट्या म्हातारीच्या मागे असतं कोण! म्हणून तर त्या सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं ते आलं.

अंत्यविधीपासून ढवळे सगळीकडे होते. माणसांना पाणी, चहा, बसायला चटया. गुरुजींना आणायला तेच, आमच्या आईसाठी खुर्ची शोधून आणणारे तेच. आमचे नातेवाईक एकमेकांना कोपराने ढोसत होते, "बघा, आता खिशातून कागद काढतो की नाही." तेराव्याची पंगत उठली, तेव्हा मीच ठरवलं, की याने काढायच्या आधी आपण विचारावं. पडवीत आम्ही दोघंच होतो. आई आत स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी म्हटलं, "काका, आता वाडीचं मला बघायचंय. आत्याने तुम्हाला वाट दिली होती, मग त्यात माड लावला. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला काय हवंय ते एकदा सांगून टाका."

त्यांनी झोपाळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती."

"मग वाट कशाला मागितलीत?"

"त्यांनी मागायला लावलं. काहीतरी मागा, नाहीतर नळी घेऊन जा म्हणाल्या. मला काय मागावं सुचेना. समोर कुंपण दिसलं, म्हटलं, वाट... माझी खिडकी या पोफळींवर उघडते हो. सकाळी चहा घेऊन बसलो की समोर एक-एक झाड मरताना दिसायचं, आणि माझी विहीर काठोकाठ. चहा जाईना."

एवढंच कारण होतं. मी त्याच्या मागे आणखी काही आहे का ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, सवयीने. "पण मग आत्याला..."

"कळलं. गणपतीत ती किल्ली हातात आली ना, तेव्हाच कळलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी माड लावला. त्या लावत होत्या, मी कुंपणापलीकडे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी पाणी सोडावं की नाही ते कळेना. माझं खोटं उघडं पडलेलं. आता त्या नळी पुन्हा कुंड्यांत टाकणार, असं धरूनच चाललो होतो."

"मग?"

"सोडलं."

"आणि आत्या?"

"घेतलं त्यांनी. शेवटचं आळं भरल्यावर 'पुरे' म्हणाल्या, रोजच्यासारखं." त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. "त्या शेवटच्या सकाळी ते ऐकू आलं नाही... पाणी आळ्यातून बाहेर वाहायला लागलं तरी आवाज नाही. म्हणून मी आलो, तर या झोपाळ्यावर..."

मला तेव्हा पहिल्यांदा त्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यांनी घसा खाकरला. "एक विचारायचं होतं. तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हाला ठाऊक असेल. तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या माझ्यावर रागावल्या होत्या का? खोटं बोललो म्हणून? कारण आधी माझा डबा नेहमी भरून यायचा. वाल, लिंबं, काय काय. त्या गणपतीनंतर रिकामा यायला लागला. घासून-पुसून लख्ख, पण रिकामा. शेवटपर्यंत. मला वाटलं, माफी मागावी... जमलं नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी त्यांना सांगितलं. नारळ सोलता सोलता आत्या मला जे म्हणाली होती ते, तिच्याच शब्दांत. परक्याचा रिकामा धाडायचा नाही, आणि आपल्याचा भरून धाडायचा नाही. ढवळ्यांनी "अस्सं" म्हटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग उठून ओट्याच्या पायरीवर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ वाडीकडे बघत बसले. दारात आई उभी होती, हातात ओलं फडकं. "म्हणजे ते खरंच होतं?" ती मला म्हणाली. "इतकी वर्षं... आणि मी मेली साखरेवरून बोलत बसले वन्संना." आणि खाली बसून, पदर तोंडाला लावून ती रडली. आत्या गेली त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

आता शनिवारी मी वाडीत जाते. ढवळे पाणी सोडतात, मी आळी बघते, आणि शेवटचं भरलं की "पुरे" म्हणायचं काम माझ्याकडे आलंय. माझा आवाज देवळापर्यंत जात नाही. कधी कधी त्यांना ऐकू येत नाही आणि मला कुंपणापर्यंत धावावं लागतं. वाटेतल्या माडाने नवीन पातं काढलंय. परवा ढवळ्यांचा डबा आला, आत थालीपीठं, गरम. खाल्ली. मग डबा घासला, पुसला, आणि आत्याच्या ओट्याशी तो हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिले. तसाच न्यावा असं मनात फार होतं. आत्याने तसाच नेला असता. पण तिने त्या माणसाला आधी खूप पारखलं होतं, आणि मी तर अजून नवी आहे. शेवटी घरात गेले, पांढऱ्या कांद्याच्या माळेतले चार कांदे तोडले, डब्यात घातले, झाकण लावलं आणि कुंपणाकडे निघाले.